नळीविना दुपारी

नालवाडी, वर्धा
१४ ऑगस्ट २००४

सौ. सुलोचनाबाईंना सदाशिवचा आदरपूर्वक नमस्कार.

हर्षा इस्पितळातून तुमच्याकडे सुखरूप पोचली, असे ओमप्रकाशजींनी फोनवर सांगितले. सांगितले म्हणजे ओरडले. तुमचा फोन दुकानात आणि दुकान अमरावतीच्या महामार्गावर. मालमोटारींच्या गर्जनेतून मला ‘पोचली’ एवढा एकच शब्द ऐकू आला. तेव्हा नातीविषयी जे बोलायचे ते यापुढे पत्रानेच बोलू. व्याह्याने विहिणीला पत्रे लिहावीत याचे कारंज्याला नवल वाटणार असेल, तर त्यास माझा इलाज नाही.

पहिले बाळंतपण माहेरी, हा तुमचा अधिकार मी मान्य केला आहे. माझ्या घरात बाईमाणूस नाही आणि माझा मुलगा धीरज मस्कतला, म्हणून मान्य करणे भागही होते. परंतु हे मूल इतर मुलांसारखे नाही. सातवा महिना नीट लागलाही नव्हता तेव्हा ती जन्मली. ज्या यंत्राने तिला आठवडेच्या आठवडे श्वास दिला, त्याच यंत्राने तिची कोवळी फुप्फुसे ओरबाडून टाकली. म्हणून ती नाकात नळी आणि उशाशी प्राणवायूचे नळकांडे घेऊन घरी आली आहे. अशा मुलीला न्यायला तुमच्याकडून आलेल्या एक बाई इस्पितळाच्या दारातच तिचा मुका घ्यायला वाकल्या. त्यांना पडसे झाले होते. मी काही बोललो नाही, कारण त्या तुमच्या पक्षाच्या होत्या. पुन्हा असे झाल्यास बोलेन.

आता महत्त्वाचे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना प्राणवायू जास्त झाला तर त्यांच्या डोळ्यांना इजा होते, क्वचित अंधत्व येते. हे मी ऐकीव सांगत नाही, मूळ ग्रंथांतून वाचले आहे. इस्पितळातल्या डॉ. सपना हुशार आहेत, पण वयाने लहान आहेत. ‘नळी चोवीस तास’ असे सरसकट सांगून त्या मोकळ्या झाल्या. प्राणवायू हे औषध आहे आणि औषध मोजूनच द्यायचे असते. माझी सूचना अशी : दुपारी मूल शांत झोपलेले असताना, ओठ गुलाबी असल्याची खात्री करून, नळी थोडा वेळ काढावी आणि तो वेळ हळूहळू वाढवीत न्यावा. शरीराला स्वतःच्या बळावर जगण्याची सवय लावावी लागते. यासाठी डॉक्टरांना विचारण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

सूनबाई छायाला आशीर्वाद.

सदाशिव


कारंजा (घाडगे)
९ सप्टेंबर २००४

आदरणीय सदाशिवराव,

आपले पत्र आले तेव्हा हे दुकानात गिऱ्हाइकाला फवारणीचा पंप दाखवीत होते. पाकीट उघडण्याआधीच म्हणाले, “इवाईबुवांचं पत्र आलं का परीक्षेचा पेपर आला?” आपल्याप्रमाणे मीही जन्मभर मास्तरकी केली, शाळेत मराठी शिकवले; असल्या पेपरांना मी भीत नाही. क्रमाने उत्तरे देते.

मुका घेणाऱ्या बाई म्हणजे आमच्या शेजारच्या देवकाबाई. छाया त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. तरीही आपली तक्रार योग्य होती, म्हणून मी घराला नियम घातला : बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा कोणी ओलांडायचा नाही. देवकाबाई उंबऱ्याबाहेर बसून म्हणाल्या, “काय व बाई, पोरीले काऊन अशी बांधून ठेवली? नाकात तं बैलाच्या दोरी घालतेत!” मी म्हटले, “मंग तुमच्या नाकात नथ कोणं घातली?” त्या हसत हसत उठून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर डिंकाचे लाडू ठेवून परतल्या. आत आल्या नाहीत. येथे कोणीच आत येत नाही. दुकानातला कवडू नळकांडे बदलायला येतो, तोही तोंडाला रुमाल बांधून.

आपली दुसरी सूचना मी तंतोतंत पाळते आहे. छायाची तयारी नव्हती. “डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच करू ना, आई,” असे ती दोनदा म्हणाली. पण आपण वाचून सांगता, आणि डोळ्यांची भीती लहान भीती नव्हे. म्हणून दुपारी मी नळी काढते आणि हर्षाच्या ओठांवरची नजर न हलवता शेजारी बसते. ओठ गुलाबीच असतात. ती झोपेत हसते.

एक गोष्ट आपल्याला कळवायला हवी. दूध पिताना तिला लवकर थकवा येतो. कपाळाला दवासारखा घाम येतो, आणि मग ती तोंड फिरवते. वजन हवे तसे चढत नाही. पावसाच्या उघडिपीतले ऊन आणि माडीवरचे पत्रे, त्यामुळे असेल असे मी समजते. आपले मत कळवावे.

आपली
सुलोचना


नालवाडी
३ ऑक्टोबर २००४

सौ. सुलोचनाबाई,

आपल्या उंबरठ्याच्या नियमाचे मनापासून कौतुक वाटले. वर्गावर नियंत्रण असलेली शिक्षिका ओळखू येते.

घामाचे कारण पत्रेच. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडावे. थकव्याने बिचकू नये. व्यायाम न झालेले कोणतेही शरीर आधी थकतेच. नळीविना तिचा रंग टिकतो, हेच निर्णायक. आता सकाळीही असाच थोडा वेळ द्यायला हरकत नाही. दिवाळीनंतर तिला पाहायला येईन तेव्हा तिच्या नाकाला नळी नसावी, अशी माझी इच्छा आहे.

सदाशिव


नागपूर
२४ नोव्हेंबर २००४

आदरणीय सदाशिवराव,

आपला घोटा मोडला आणि पाय प्लास्टरात आहे, हे छायाने सांगितले. त्या अवस्थेत आपल्याला धावपळ होऊ नये म्हणून यांनी फोनवर ‘थोडं बरं नाही’ एवढेच सांगितले होते. ते अपुरे होते. आता हर्षाचे डोळे उघडे आहेत आणि ती माझ्या बोटाला धरून आहे, म्हणून सगळे लिहिते.

दिवाळीनंतर तिला साधे पडसे झाले. त्याच दिवशी दूध पिता पिता तिचे ओठ जांभळे पडले, मग राखेसारखे. महामार्गावरून नागपूर सरळ, म्हणून वर्ध्याऐवजी इकडे आणले. कवडूने दुकानाची गाडी हाकली. त्या प्रवासाविषयी मी लिहिणार नाही.

येथील डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून हृदय पडद्यावर पाहिले. त्यांनी जे समजावले ते असे. फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना प्राणवायू कमी पडला की त्या आवळून घेतात. एखाद्या वेळी आवळल्या तर पुन्हा सैल होतात. पण रोज रोज कमी पडत राहिला तर त्या आवळलेल्याच राहतात, त्यांच्या भिंती जाड होतात. मग त्या अरुंद वाटांतून रक्त ढकलताना हृदयाचा उजवा कप्पा दमत जातो. दूध पिताना येणारा घाम उन्हाचा नव्हता. तो तिच्या हृदयाचा होता. आणि प्राणवायू थोडा कमी पडला तर ओठ गुलाबीच दिसतात. डोळ्यांना ते कळत नाही, यंत्रालाच कळते.

प्राणवायू का कमी पडला, ते आपण विचाराल. दोष माझा आहे. सणासुदीला आल्यागेल्यांची रीघ लागली. नळी लावलेली नात दाखवायला मला संकोच वाटे, म्हणून कोणी आले की मी नळी काढून ठेवी. याउपर काही सांगण्यासारखे नाही.

वाहिन्या सैल करणारी एक गोळी कुटून, पाण्यात कालवून, दिवसातून ठरलेल्या वेळी देतात. पुढचे काही महिने कठीण आहेत असे डॉक्टर म्हणतात. त्यापुढे ते काही बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

सुलोचना


नालवाडी
२९ नोव्हेंबर २००४

सौ. सुलोचनाबाई,

आपले पत्र मी दोनदा वाचले.

मूल ही पाहुण्यांना दाखवायची वस्तू आहे काय? लोक काय म्हणतील या एका भीतीपायी आपण माझ्या नातीचे हृदय पणाला लावले. अशिक्षित स्त्रीने हे केले असते तर मी समजून घेतले असते. आपण शिक्षिका होता, हे आठवून मला अधिक दुःख होते. शांत झोपेत, निरीक्षणाखाली नळी काढणे वेगळे. गडबडीत, रडत्या मुलाची नळी चारचौघांपुढे ओढून काढणे वेगळे. या दोहोंतला फरक आपल्याला कळू नये?

हर्षाला नागपूरहून सोडतील तेव्हा ती कारंज्यास परतणार नाही. ती या घरची मुलगी आहे. ती येथे येईल. छायाने तिच्यासोबत यायचे की माहेरी राहायचे, हे तिने ठरवावे.

सदाशिव


नागपूर
४ डिसेंबर २००४

ती. बाबांच्या चरणी छायाचा नमस्कार.

तुमचे पत्र आईने वाचले, घडी घातली आणि हर्षाची दुपटी धुवायला गेली. तिने ते मला दाखवले नाही. पिशवीत होते, ते मी न विचारता वाचले. आता तिला न विचारता लिहिते आहे.

बाबा, आईने तुम्हांला खोटे लिहिले. आमच्या घरी कोणीही आत आले नाही. दिवाळीला माझी सख्खी मावशी उंबऱ्यावरून ओवाळून परत गेली. नळी निघायची ती दुपारी, तुमच्या पत्राप्रमाणे. आणि ऑक्टोबरपासून सकाळीसुद्धा. मला ते पटत नव्हते. मी जोराने नाही म्हटले नाही, ही माझी चूक.

येथील डॉक्टरांनी विचारले, “नळी काढायला कोणी सांगितलं?” आई म्हणाली, “मीच काढली.” नंतर बाहेरच्या बाकावर माझे वडील तिला म्हणत होते, “तू काऊन आपल्या माथ्यावर घेऊन राह्यली? सांगून दे ना त्याइले, तुमच्याच पत्रानं झालं म्हणून.” आई म्हणाली, “सांगतलं तं तो मानूस पोरीले पुन्हा मांडीवर घेनार नाई. लय अभिमानी हाय. झुरत बसंन. पोरीले आजा पाहिजे का नाई? माह्यावर रागावला तं रागावू दे.”

तुमच्यावर माझा राग नाही असे लिहिणार होते. पण ते खरे नाही. राग आहे. तरीही तुम्ही हर्षाला मांडीवर घ्यावे असे मलाही वाटते. आईचे ऐकून गप्प राहिले असते तर हर्षाला एक आजी गमवावी लागली असती, म्हणून हे लिहिले.

तुमची
छाया


नालवाडी
१७ जानेवारी २००५

सौ. सुलोचनाबाई,

दीड महिना मी आपल्याला लिहिले नाही. प्रारंभी पाच-सहा पत्रे लिहिली. ती सर्व सुरेख होती आणि प्रत्येकात मी स्वतःचीच बाजू मांडीत होतो, म्हणून फाडली.

प्लास्टर निघताच डॉ. सपनांना भेटलो. आपण काय केले ते सांगितले नाही; मी काय लिहिले ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही वाचलेलं खोटं नाही. पण ते पहिल्या काही आठवड्यांचं. तिला घरी पाठवण्यापूर्वी आम्ही डोळे तपासले होते, त्यांना धोका उरला नव्हता. आता भीती होती ती प्राणवायू कमी पडण्याची. मला एकदा विचारायचं होतं.” एवढेच. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

आपल्या सप्टेंबरच्या पत्रात ‘येथे कोणीच आत येत नाही’ हे वाक्य आहे. नोव्हेंबरच्या पत्रात पाहुण्यांची रीघ आहे. विद्यार्थ्याच्या वहीत अशी विसंगती मी एका दृष्टिक्षेपात पकडली असती. आपल्या पत्रांत ती मला दिसली नाही, कारण दोषी कोण हे मी आधीच ठरवले होते. घाम, थकवा, वजन, सगळी लक्षणे आपण मला स्वच्छ कळवली होती. मी त्यांवर वाळ्याचा पडदा सुचवला.

क्षमा मागण्याचा मला सराव नाही आणि आपण ती आधीच, न मागता, देऊन बसला आहात. तेव्हा त्यात वेळ घालवीत नाही. मागणे दुसरेच आहे. पुढच्या आठवड्यात हर्षाला सोडतील. कारंज्याला वीज अर्धा दिवस नसते. धीरजने मस्कतहून पायाच्या अंगठ्याला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र पाठवले आहे, ते विजेवर चालते. येथे डॉ. सपना हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणून हर्षा आणि छाया यांनी नालवाडीस यावे. आणि आपणही यावे.

लेकीच्या सासरी विहिणीने राहायला येणे आपल्या लोकांत बसत नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडचे हसतील. माझ्याकडचेही हसतील. पण मला तान्हे मूल सांभाळता येत नाही, आणि छायाने एकटीने किती करावे? मागची खोली रिकामी करून चुना दिला आहे. स्वयंपाकघर आपल्या ताब्यात. हर्षाच्या नळीला मी हात लावणार नाही.

आपण आला नाहीत तर तिला मी येथे आणणार नाही.

सदाशिव


नागपूर
२१ जानेवारी २००५

आदरणीय सदाशिवराव,

छायाचा कान मी धरला आहे आणि सोडला आहे.

आपल्या पत्रातली एक गोष्ट मला दुरुस्त केली पाहिजे, कारण आपण स्वतःकडे वाट्याहून जास्त घेत आहात. आपली ही सवय दोषातही सुटत नाही. आपण सांगितलेत म्हणून मी नळी काढली, हे अर्धेच खरे. गालावरच्या चिकटपट्ट्या, त्यांखालची लाल कातडी, ती नळी, यांच्या आड माझी नात कशी आहे हे मला दिसतच नव्हते. आपले पत्र आले आणि मला तिचे मोकळे तोंड पाहायची परवानगी मिळाली. दुपारी मी ओठांवर नजर ठेवून बसे असे लिहिले होते. ओठ पाही तितकेच तिला पाही. थकते हे दिसत असूनही नळी पुन्हा लावायला मी क्षणभर उशीर करी. संकोच वाटे हे मी खोटे लिहिले. मोह झाला हे लिहायला हवे होते. डॉक्टरांना न विचारणारे आपण दोघे होतो.

येण्याविषयी. यांना विचारले. म्हणाले, “जाय ना! लोकाइचं काय, ते आपल्या लग्नातबी हसले होते. मी खाईन देवकाबाईच्या घरी.” देवकाबाईंना हे अजून कोणी सांगितलेले नाही.

माझ्या अटी : सकाळी पाच वाजता मोठ्याने स्तोत्रे म्हणायची नाहीत; मूल झोपलेले असते. माझ्या स्वयंपाकाला गुण द्यायचे नाहीत. आणि नळीला हात लावणार नाही ही प्रतिज्ञा मागे घ्यावी. झोपेत ती नळी ओढून काढते. जवळ जो असेल त्याने ती लगेच लावायची असते. आपण हात लावायचा नाही म्हटले, तर आपल्या मांडीवर तिला ठेवता येणार नाही. कशी लावायची ते मी शिकवीन. अवघड नाही, दोन टोके, वळण खाली.

रविवारी पोचतो. स्टेशनवर येऊ नये, घोट्यावर जोर पडेल.

सुलोचना


नालवाडी
११ डिसेंबर २००५

सुलोचनाबाई,

ओमप्रकाशजींचा ताप उतरला हे कळले. ते देवकाबाईंच्या हातचे खाऊन आजारी पडले असे त्यांचे म्हणणे, आणि न खाल्ल्याने पडले असे देवकाबाईंचे. निवाडा आपण करालच. पण तेवढ्यासाठी आपण नेमक्या याच आठवड्यात कारंज्याला गेलात, याबद्दल माझी तक्रार नोंदवून ठेवतो.

डॉ. सपनांनी सोमवारी हर्षाचे हृदय पुन्हा पाहिले. उजव्या कप्प्यावरचा दाब उतरला आहे. ‘जवळजवळ इतर मुलांइतका’ असे त्या म्हणाल्या. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, हे मी विचारले, त्यांनी सांगितले, मी पुन्हा विचारले. छायाने माझी बाही ओढली. गोळी अजून चालू राहील, हिवाळाभर जपावे लागेल, आणि पडसे झाले तर नळी पुन्हा लावावी लागू शकते, हे सर्व मी लिहून घेतले. मग त्या म्हणाल्या की दोन दिवस इस्पितळात ठेवून, अंगठ्याला यंत्र लावून, जागेपणी, झोपेत आणि दूध पिताना नळीविना पाहू. दोन्ही दिवस आकडा खाली आला नाही. काल सकाळी त्यांनी नळी घरी न्यायची, पण लावायची नाही, असे सांगितले.

चाचणी सुरू होण्याआधी गालावरच्या चिकटपट्ट्या छायाने काढल्या. तेल लावून, हळूहळू, आपण शिकवले तशा. मला ‘तुम्ही काढा, बाबा’ म्हणाली होती. मी नको म्हटले. मी हर्षाचे दोन्ही हात धरून बसलो, कारण ती मध्येच गाल खाजवील अशी भीती होती. हात सोडवून घेऊन तिने ते खाजवलेच. आधी एक गाल, मग दुसरा, मग नाकाखालची जागा, जिथे काही नाही याचे तिला नवल वाटले. तिने तिथे तीन-चारदा बोट फिरवले आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू नळी मीच लपवून ठेवली आहे.

धीरजला फोटो हवा होता. छायाने काढला. तो आपल्याला पाठवीत नाही. आपण स्वतः येऊन पाहावे, आणि लवकर यावे, कारण पट्ट्यांच्या खुणा आठवड्याभरात जातील असे डॉक्टर म्हणतात, आणि खुणांसहित पाहण्याचा अधिकार आपला आहे.

आज दुपारी ती माझ्या मांडीवर झोपली होती. यंत्र लावलेले होते, पण मी बराच वेळ आकड्याकडे पाहिले नाही. तिच्या तोंडाकडे पाहत होतो. आमच्या घराण्यात कपाळ मोठे आणि नाक सरळ असते. कपाळ आमचे आहे, यात शंका नाही. नाक मात्र पुढे किंचित फुगीर आहे आणि झोपेतसुद्धा कोणाचे काही ऐकणार नाही असे दिसते.

नाक आपले आहे.

सदाशिव